वाचलेल्याचा धनी कोण?

काटकसर आणि बचत हे दोन शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो. माझ्या मते ते दोन निराळ्या गोष्टींची नावे आहेत. काटकसर हा माणसाचा गुण आहे. बचत हा पुष्कळदा यंत्राचा गुण असतो. काटकसरीत मनाला थोडे सोसावे लागते, एखादी हौस मागे सारावी लागते. बचतीत तसे काही नाही. काम तेच, खर्च कमी. ज्या घरात काटकसर होते तिथे काहीतरी उरते आणि ते कशासाठी उरले हे घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. पण जिथे नुसती बचत होते तिथे काय उरते आणि ते कोणाचे असते? हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे घोळत होता. एका अगदी नव्या विद्येच्या निमित्ताने त्याला धार आली. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर तो वाचकांपुढे ठेवतो. विषय जरा रुक्ष वाटेल. पण तो प्रकाशाचा आहे, तेव्हा सणाशी अगदीच फटकून नाही.

त्या विद्येचे नाव सिलिकॉन फोटॉनिक्स. नाव परके असले तरी कूळ आपल्या ओळखीचे आहे. काच होते ती वाळूची, आणि संगणकाच्या पोटातली चिप होते तीही गारेतून, वाळूतून काढलेल्या सिलिकॉनची. दोघी सख्ख्या बहिणी. पण कित्येक वर्षे त्यांनी वेगवेगळे संसार केले. काचेने प्रकाश वाहिला, सिलिकॉनने वीज खेळवली. १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॉपकिन्स आणि आपले नरिंदरसिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून चित्र या टोकाकडून त्या टोकाला नेऊन दाखवले. १९६६ साली चार्ल्स काव आणि त्यांचे सहकारी हॉकहॅम यांनी मांडले, की काच पुरेशी शुद्ध करता आली तर तिच्यातून संदेश कोसच्या कोस धाडता येतील. काव यांना त्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तसला तंतू आज आपल्या मराठवाड्यातच ओढला जातो. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत, वाळूजला आणि शेंद्र्याला, स्टरलाइट टेक्नॉलॉजीजचे कारखाने आहेत. वाळूपासून होणाऱ्या वस्तूच्या गावाचे नाव वाळूज असावे हा निव्वळ योगायोग, पण मला तो आवडतो.

आता अडचण कुठे होती ती पाहा. अमेरिकेतून निघालेला संदेश समुद्राच्या तळाशी टाकलेल्या काचतंतूतून हजारो मैल प्रकाशाच्या पाठीवर बसून येतो. नवी मुंबईत, ऐरोली-महापे-रबाळेच्या पट्ट्यात, ज्या मोठमोठ्या इमारतींत हजारो संगणक मांडणीवर रचून ठेवलेले असतात, तिथे तो पोचतो. आणि शेवटच्या हातभर अंतरासाठी त्याला खाली उतरावे लागते, कारण चिपला प्रकाश समजत नाही, वीज समजते. मुंबईहून रेल्वेने आरामात लातूरला यावे आणि स्टेशनापासून घरापर्यंत ट्रंक डोक्यावर घेऊन चालावे, तसा हा प्रकार. तो हातभर रस्ता तांब्याच्या तारांचा असतो. तांबे विजेला अडवते, तापते. आणि संदेश जितका वेगाने पाठवावा तितका तो तारेत अधिक विरतो. आजच्या वेगाला तांब्याची तार मीटर-दोन मीटरच्या पलीकडे धड कामच देत नाही. म्हणजे हजारो मैलांचा प्रवास स्वस्त, आणि उंबऱ्यापासून देवघरापर्यंतचा महाग.

सिलिकॉन फोटॉनिक्सने काय केले, तर प्रकाशाला थेट देवघरात आणले. सिलिकॉनची चकती आपल्या डोळ्याला काळसर आरशासारखी दिसते. पण डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाला ती काचेसारखी पारदर्शक असते. तिच्यावर केसाच्या जाडीच्या शे-दीडशेव्या भागाइतके अरुंद पाट कोरतात आणि भोवती काचेचा थर देतात. सिलिकॉनमध्ये प्रकाश काचेतल्यापेक्षा पुष्कळ मंद चालतो, त्यामुळे तो त्या पाटाचा बांध सहसा फोडत नाही. वळणावर वळतो, फाट्यावर विभागतो. मग त्याच्याकडून 'हो' आणि 'नाही' वदवायचे कसे? एक युक्ती फार सुंदर आहे. पाटाचे दोन फाटे करायचे, एकातल्या प्रकाशाला किंचित रेंगाळत ठेवायचे आणि पुढे दोन्ही फाटे पुन्हा एकत्र आणायचे. लाटेवर लाट चढली तर उजेड. लाटेची उंची दुसरीच्या खळग्यात पडली तर काळोख. प्रकाशात प्रकाश मिसळून अंधार होतो, ही गोष्ट मी कितीतरी वर्षे मुलांना शिकवली. तरी दरवेळी सांगताना मला थोडे नवल वाटतेच. प्रकाशाला रेंगाळवायचे काम सिलिकॉनमध्ये विजेचा भार कमीजास्त करून करता येईल हे रिचर्ड सोरेफ आणि ब्रायन बेनेट यांनी १९८७ साली दाखवले होते. इंटेल कंपनीने २००४ साली ते सेकंदाला अब्जावर वेळा करून दाखवले आणि २०१६ पासून असे भाग बाजारात आणले.

एक गंमत मात्र राहिली. सिलिकॉन प्रकाश वाहू शकते, वळवू शकते, विझवू शकते. पण पेटवू शकत नाही. म्हणजे विजेपासून उजेड करण्यात ते अगदीच कच्चे, त्याची अणुरचनाच तशी. म्हणून दिवा बाहेरून आणावा लागतो: इंडियम फॉस्फाइड नावाच्या दुसऱ्याच स्फटिकाचा लेसर त्याला जोडतात. घर एकाचे, समई दुसऱ्याची.

या सगळ्याचे फळ म्हणजे विजेची बचत. एनव्हिडिया कंपनीने मार्च २०२५ मध्ये आपल्या नव्या जोडयंत्रांची घोषणा केली. त्यांत प्रकाशाचे भाग मुख्य चिपला अगदी खेटून बसवलेले आहेत, आणि जुन्या तऱ्हेपेक्षा त्यांची विजेची कार्यक्षमता साडेतीन पट आहे असा कंपनीचा दावा आहे. विकणाऱ्याच्या शब्दाला थोडी घट धरली तरी बचत मोठी आहे, यात वाद नाही.

माझा एक जुना विद्यार्थी बंगळूरला याच कामात आहे. औसा तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. बारावीला लातूरला खोली करून राहिला, रात्रंदिवस घोकला, आणि ज्या 'लातूर पॅटर्न'ची लोक कधी कौतुकाने, कधी कुचेष्टेने गोष्ट काढतात, त्यातून पार पडून पुढे गेला. गेल्या वेळ अमावस्येला त्याच्या वडिलांनी मला रानात जेवायला बोलावले. लातूर-धाराशिवच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो: आमच्याकडे मार्गशीर्ष संपताना ही येळवस येते. त्या दिवशी शहर ओस पडते आणि शिवार भरते. कडब्याची कोप करून पांडव पुजतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे पोट दुखेपर्यंत वाढतात. त्या कोपीच्या सावलीत बोलणे निघाले.

मुलगा उत्साहाने सांगत होता, की एका संदेशामागे जळणारी वीज त्यांनी निम्म्याच्या खाली आणली. मी सहज विचारले, "मग उरलेली वीज जाते कुठे?"

तो म्हणाला, "उरत नाही, सर. इमारतीला वीज मंजूर असते तेवढीच असते. जोडण्यांमध्ये वाचली, की तेवढ्याच विजेत जास्त चिप बसवता येतात. गिऱ्हाइकाला आम्ही तेच तर पटवून देतो."

त्याचे वडील आंबील ओतता ओतता थांबले आणि हसले. "म्हंजे आमच्या ठिबकावानीच की!"

त्यांच्या एका वाक्यात सगळा प्रश्न आला. त्यांचा ऊस आधी दोन एकर होता, पाटाने भिजायचा. मग ठिबकच्या नळ्या आल्या. पाणी जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने वाचू लागले, आणि ऊस तीन एकर झाला. बोअर पूर्वीइतकेच चालते. मी म्हटले, "वाचलेले पाणी जमिनीतच राहू द्यायचे होते." तेव्हा ते मला म्हणाले, "वाचलं म्हणूनच तर ऊस वाढविला, सर. वाचलेलं पाणी काय गाडग्यात झाकून ठिवायचं? आन् म्या नाही उपसलं तर बांधापलीकडचा उपसतो. खालचं पाणी काय माझ्या सात-बाऱ्यावर हाय का?"

या बोलण्यावर उत्तर देणे सोपे नाही. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दगडी कोळशावर एक पुस्तक लिहिले. वॉटच्या सुधारलेल्या इंजिनाला जुन्या इंजिनापेक्षा कितीतरी कमी कोळसा लागे. तरी इंग्लंडचा कोळसा कमी न खपता जास्तच खपू लागला. जेव्हन्सचे म्हणणे असे, की हे 'तरी' नव्हे, हे 'म्हणूनच' आहे. कोळसा कमी लागतो म्हणून इंजिन परवडते. परवडते म्हणून दहा नव्या ठिकाणी बसते. औशाच्या शेतकऱ्याने जेव्हन्स वाचलेला नाही. त्याला वाचायची गरजही नाही.

लातूरकरांना हा विचार पुस्तकातून शिकावा लागत नाही, हे आमचे दुर्दैव. २०१६ चा उन्हाळा कोणी विसरलेले नाही. मांजरा धरण आटले. मार्च महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. पाण्याभोवती पाचजण जमले तर तो कायद्याचा प्रश्न व्हावा, अशी ती वेळ. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर पाणी. लोक फलाटावर पाणी बघायला आले होते. ज्या जिल्ह्यात ही पाळी आली त्याच जिल्ह्यात ऊस उभा होता आणि त्याला वर्षाकाठी दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते, हे सर्वांना ठाऊक होते. पुढच्याच वर्षी, २०१७ साली, राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला. निर्णय वाईट नव्हता. पण त्यात यंत्राची बचत होती. वाचलेल्या पाण्याचे काय करायचे याचा त्या नळ्यांमध्ये काहीच निकाल नव्हता, आणि असणार तरी कसा?

इथे मला दुसरी बाजूही बोलली पाहिजे, कारण ती खरी आहे. स्वस्त झाले म्हणून जास्त वापरले, हा दरवेळी उधळेपणा नसतो. आमच्या लहानपणी घासलेट पुरवायचे म्हणून रात्री आठला कंदील मालवत. आज वीतभर एलईडीखाली मुलगी बारापर्यंत अभ्यास करते. दिवा काटकसरी झाला आणि जळण्याचे तास वाढले. यात वाईट काय झाले? पूर्वी पोस्टात ट्रंक कॉल लावून तासभर बसावे तेव्हा तीन मिनिटे बोलणे होई, तेही ओरडून. आज निलंग्याची आई हैदराबादच्या लेकीचे तोंड रोज पाहते. ही हाव नव्हे; वर्षानुवर्षे दाबून ठेवलेली गरज होती, ती मोकळी झाली. आणि त्या वाढलेल्या एकराबद्दल त्या शेतकऱ्याला नावे ठेवताना माझी जीभ अडखळते याचेही कारण आहे. सोयाबीनला काय भाव येईल ते आडतीवर पोते उतरल्यावर कळते. उसाचा किमान दर आधी ठरतो. मुलाच्या लातूरच्या खोलीचे भाडे, शिकवणीची फी, पुढे इंजिनिअरिंगचा खर्च, सगळे त्या उसातून निघाले. म्हणजे आज जो मुलगा वीज वाचवतो आहे, तो वाचलेल्या पाण्यावर शिकला आहे. उपदेश कोणाला करायचा?

तेव्हा मला भेद निराळ्या जागी दिसतो. कंदिलाचे तेल माझ्या डब्यातले होते. ते जास्त जाळले तर माझा डबा रिकामा. परंतु जमिनीखालचे पाणी आणि राज्याच्या तारांमधली वीज हा सामाईक रांजण आहे. सामाईक रांजणातून मी कमी घेतले, की ती जागा रिकामी राहत नाही. ज्याची दोरी लांब आणि घागर मोठी, तो ती भरून नेतो. त्या शेतकऱ्याने 'सात-बाऱ्यावर हाय का' म्हणून विचारले ते इथे लागू पडते. वाचलेल्या वस्तूचा सात-बारा नसतो. जो आधी पोचेल त्याची ती. आणि आधी पोचणारा बहुधा तोच असतो, ज्याच्याकडे मुळातच जास्त आहे.

जगाच्या संगणकघरांनी २०२४ साली सुमारे ४१५ अब्ज युनिट वीज वापरली, आणि २०३० पर्यंत ती ९४५ अब्ज युनिटांच्या आसपास जाईल, असा आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा २०२५ चा अंदाज आहे. चिप दरवर्षी अधिक काटकसरी होत असताना हा आकडा दुपटीवर चालला आहे. शिवाय त्या इमारतींत शिरलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊन बाहेर पडते आणि ती निववायला पुष्कळ ठिकाणी पाणी वापरतात. वाचलेल्या विजेवर आणखी यंत्रे बसली तर ती गार ठेवावी लागणारच.

वाचलेल्याला धनी नेमता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. आपल्याच राज्यात तो नेमला गेला आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम पाहा: पाणी जमिनीच्या आकारावर नाही, डोक्यावर मोजायचे, माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला फार तर अडीच एकराचे. भूमिहीनालाही त्याचा हिस्सा. उसाला पाणी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घेणे बंद केले आणि दरवर्षी किती पाऊस पडला ते मोजून मग पिके ठरवण्याचा पायंडा पाडला. या ठिकाणी बांध, चर, पंप यांची हुशारी होतीच. पण हुशारीच्या आधी वाटणी ठरली होती. आमच्या आज्या रोज स्वयंपाकाला बसताना पिठाची एक मूठ बाजूच्या मडक्यात टाकीत. त्या मुठीवर वारकरी जेवले, पुढे मुष्टिफंडावर मुलांची वसतिगृहे चालली. मूठ परातीत पीठ घेण्याआधी निघे; जेवणे झाल्यावर काय उरते ते बघून नव्हे. जेवणे झाल्यावर काही उरतच नाही, हे आजीला पक्के माहीत होते.

कायदेही आहेत. भूजलाचा महाराष्ट्राचा कायदा २००९ चा. त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला आडकाठी आहे. आमच्याकडे बोअरची गाडी पाचशे फुटांच्या अलीकडे थांबली तर ड्रायव्हरच विचारतो, 'एवढ्यातच?'

मग मुलाचे काय? तो म्हणू शकतो, आणि तो म्हणालाही, "सर, मी वाचवून देतो. पुढे त्याचे काय करायचे हे माझ्या हातात नाही." हे पूर्ण खोटे नाही. नळी बनवणाऱ्याला उसाबद्दल जबाबदार धरणे अन्यायाचे होईल. मी त्याला काम सोड असे कधी म्हणणार नाही; तांब्याने तापणाऱ्या जगापेक्षा प्रकाशाने चालणारे जग केव्हाही बरे. पण एक गोष्ट त्याच्या हातात आहे, जी दुसऱ्या कोणाच्याच नाही. बचत होणार आहे हे त्याला आधी कळते. वीज मंडळाला, नगरपालिकेला, शेजारच्या गावाला ते कळते तेव्हा वाचलेल्या विजेवर नवी यंत्रे बसून गेलेली असतात. मूठ आधी काढायची असेल तर पीठ किती येणार हे आधी सांगणारा माणूस लागतो. इमारतीला वीज मंजूर करतानाच, एवढी वाचणार आहे, त्यातली एवढी मागे राहील, असे लिहून घेता येणार नाही का? राज्यात वीज नियामक आयोग आहे, जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आहे. त्यांच्यापुढे गिऱ्हाईक जातात, कंपन्या जातात. ज्याला आकडा सर्वांत आधी ठाऊक असतो तो अभियंता जाताना दिसत नाही.

त्याने हे सगळे नीट ऐकून घेतले. मग म्हणाला, "गावाला ग्रामसभा आहे, सर. माझी चिप बंगळूरला आखली जाते, दुसऱ्या देशात घडते, तिसऱ्या देशात बसते. तिची ग्रामसभा कोणती?"

मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो, तेवढ्यात वडिलांनी रिकाम्या वाट्या गोळा करता करता त्याला विचारले, "तुमच्या त्या बिल्डिंगा गार ठिवायला पाणी लागतं म्हणतेत सर. ते बोअरचं असतंय का नळाचं?"

मुलगा आधी हसला. मग जरा वेळाने म्हणाला, "विचारून सांगतो, बाबा."